ओठात धरलेला डोळा

लहानू सोमकुवरने भरलेला डोळा मरत नाही, असं कळमेश्वरापासून खाप्यापर्यंतचे सगळे पन्हेरीवाले म्हणायचे. संत्र्याची रोपं तयार करायच्या वाडीला आपल्याकडे पन्हेरी म्हणतात. आधी जंबेरीचं, म्हणजे रानलिंबाचं, बी पेरायचं. त्याचा खुंट करंगळीएवढा जाड झाला की सालीला उभी-आडवी चीर द्यायची. मग चांगल्या झाडाच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या देठापाशी असतो तो बारीक फुगवटा, सालीसकट हलकेच कापून त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकायचा. सांगायला एवढंच आहे. करायला बसलं की चांगल्या चांगल्यांचे शंभरातले तीस-चाळीस मरतात. लहानूचे चार मरत, आणि त्या चारांसाठीही तो दोन दिवस चुटपुटत राही.

याचं कारण गावाने केव्हाच शोधून ठेवलं होतं. सोमकुवरांच्या तोंडात मंत्र आहे, म्हणे. लहानू डोळे भरायला बसला की वाटेकडे पाठ करून बसे आणि डोक्यावरून दुपट्टा असा पुढे ओढून घेई की चेहरा दिसू नये. त्याचा बाप कवडूही तसाच बसायचा. दुपट्ट्याआड तोंड हलताना दिसे. एवढं पाहिल्यावर गावाला आणखी काय पाहिजे? मंत्र शिकायला सावनेरहून एकजण दोन कोंबडे घेऊन आला होता. कवडूने त्याला गुरूची आण सांगून परत पाठवलं. कोंबडे मात्र ठेवून घेतले.

मंत्र वगैरे काही नव्हता. डोळा कापून झाल्यावर खुंटाला चीर द्यायला दोन्ही हात लागतात. तेवढ्यात कापलेला डोळा ठेवायचा कुठे? जमिनीवर ठेवला तर माती लागते, वाऱ्याने सुकतो, आणि सुकलेला डोळा लागत नाही. कवडू तो ओठात धरी. ओला, उबदार, हाताशी. चीर दिली की ओठातून काढून सरळ सालीत. बापाचं पाहून लेकही तेच शिकला.

आता हे उघड करायचं कसं? ज्या वाडीत कवडूला पाणी वरून ओंजळीत वाढत, त्या वाडीतलं एकेक झाड त्याच्या ओठातून आलेलं होतं. त्याच झाडांची पहिली संत्री मालकाच्या देव्हाऱ्यात जात. छप्पन साली कवडू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, घरातले देव त्याने नदीत सोडले, मान वर करून चालायला लागला. पण पन्हेरीत बसताना दुपट्टा पुढे ओढायची सवय काही सुटली नाही. मरताना लहानूला त्याने एवढंच सांगितलं, "तोंड झाकून बसजो."

बापलेक राबले ती पन्हेरी बापूजी कोहळ्यांची. बापूजी माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तसं वाटेल. लहानूच्या बायकोच्या, प्रेमिलाच्या बाळंतपणात रात्रीची बैलगाडी त्यांनीच जुंपून दिली होती. फक्त एका गोष्टीत त्यांचा जीव फार अडकलेला. वडिलांनी लावलेली अकरा जुनी झाडं होती, त्यातली सात उरली होती. त्या सातांच्या काड्यांवरच त्यांच्या पन्हेरीचं नाव चालत होतं. काडी बाहेर जाऊ नये म्हणून संध्याकाळी फाटकावर प्रत्येक गड्याची झडती होई. कमर, दुपट्टा, जेवणाचं फडकं, सगळं झटकून दाखवायचं.

त्या फाटकावरचीच एक जुनी गोष्ट गावात अजून सांगत. बापूजी तेव्हा विशीतले, अंगात रग असलेले. झडती घेताना त्यांनी कवडूला विचारलं, उद्या येतोस का. कवडूने नुसती मान हलवली. "तोंडानं बोल," बापूजी म्हणाले. कवडू बोलला नाही. बापूजींनी कानाखाली वाजवली. तरी बोलला नाही. दुसरी दिली, तरी नाही. सात वर्षांचा लहानू तिथेच बापाचं बोट धरून उभा होता. कवडू किती आडमुठा होता याचा दाखला म्हणून लोक ही गोष्ट सांगत. तो का बोलला नाही ते फक्त कवडूच्या घरात माहीत होतं, आणि घरातल्यांनी ते बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

तर चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात ग्रामसेवक एक कागद घेऊन आला. नागपूरला सरकारी रोपवाटिकेत चाळीस दिवसांचं प्रशिक्षण. राहणं, जेवण सरकारचं. शेवटी परीक्षा, प्रत्येकाने शंभर डोळे भरायचे. सत्तर लागले तर सर्टिफिकेट. ज्याच्याजवळ सर्टिफिकेट आणि एकरभर तरी जमीन, त्याला स्वतःच्या पन्हेरीचं लायसन, वर पंप, पाइप आणि जंबेरीचं बी मिळणार. लहानूला सिलिंग कायद्यातल्या वाटपातली एक एकर नाल्याकाठी मिळाली होती. विहिरीला पाणी होतं, ते वर काढायचं साधन नव्हतं.

अर्जाला अनुभवाचा दाखला लागत होता. बापूजींनी तो एका बैठकीत लिहून दिला. वीस वर्षांचा अनुभव, वर्तणूक उत्तम. "जाय गा लहानू," ते म्हणाले. "हे तुह्यासाठीच आलं असं समज. फक्त आमच्या वसंतालेभी संग घेऊन जाय. त्याले हात धरून शिकव." वसंत हा त्यांचा पुतण्या, कॉलेजात दोनदा आपटी खाऊन घरी बसलेला. मनाने निर्मळ, पण हाताला वळण नाही.

निघायच्या आदल्या दिवशी प्रेमिला भाकरी थापता थापता म्हणाली, "आपली पन्हेरी झाली तं तुमी कोणाकडं पाठ करून बसाल?"

 ती ओळ लहानूच्या डोक्यात घर करून बसली. आपल्या एकरात, आपल्या खुंटापुढे, उन्हात डोकं उघडं टाकून बसायचं. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात त्याने असं काही मागितलं नव्हतं. आता मात्र ते त्याला हवं झालं, आणि हवं झाल्यावर त्याची झोप उडाली.

नागपूरला शिकवायला बोकील साहेब होते, पुण्याकडचे. उंच, खाकी अर्धी चड्डी, बोलणं सरळ. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, कापलेला डोळा ओल्या फडक्यात ठेवायचा, आणि डोक्यावर फडकी-टोप्या नकोत, मला प्रत्येकाचे हात आणि नजर दिसली पाहिजे. लहानूचा दुपट्टा त्या दिवसापासून खुंटीवर गेला. आजूबाजूला तीस जण बसलेले. काटोलचे, वरुडचे, खाप्याचे. त्यांच्यात ओठात डोळा धरायची त्याची हिंमत झाली नाही. तो फडक्यातून डोळा उचलायला जाई, तोवर खुंटाची चीर मिटलेली असे. चीर उघडायला जाई, तोवर डोळा बोटातून निसटे. वीस वर्षं जे हात आपोआप चालत होते ते आता नव्या नवरीसारखे अडखळायला लागले.

दोन आठवड्यांनी तपासणी झाली. बांधलेल्या डोळ्याचा देठ बोट लावताच गळून पडला तर डोळा लागला, वाळून चिकटून बसला तर गेला. लहानूच्या ओळीत साहेब बोट लावत पुढे जात होते आणि देठ चिकटून बसत होते. अठ्ठावन्न.

वसंतचे एकसष्ट निघाले. त्याला शिकवणारा लहानूच. वसंतला हसू आवरेना, मग लहानूचा चेहरा पाहून ते आवरलं.

साहेबांनी संध्याकाळी लहानूला शेडमागे बोलावलं. "सोमकुवर, दाखल्यावर वीस वर्षं लिहिली आहेत. मग हे काय?"

 लहानू आजूबाजूला पाहून खाली बसला आणि पाच खुंट आपल्या पद्धतीने भरून दाखवले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. एका खुंटाला मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

"मग हे तिकडे का करत नाहीस? मी झाडं मोजतो, तोंडं मोजत नाही."

"चार लोकात कसं करू साहेब?"

साहेबांना यात लपवण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, की कळूनही त्यांनी तसं दाखवलं नाही, देव जाणे. ते एवढंच म्हणाले, "परीक्षेला झाडंच मोजली जाणार. तुझं तू बघ."

परीक्षा चार दिवसांवर होती. त्या दिवशी मेळावाही ठेवला होता. आसपासच्या तालुक्यांतले बागायतदार बघायला येणार, म्हणून ओळी अशा आखल्या की सगळ्यांची तोंडं बघ्यांकडे होतील. सकाळी लहानू आपल्या शंभर खुंटांपुढे बसला आणि वर पाहिलं तर समोर बापूजी. पांढरं धोतर, हातात काठी, चेहऱ्यावर कौतुक. शेजारच्या माणसाला ते सांगत होते, "तो आमचा लहानू. त्याचा हात पाहाच तुमी."

लहानूने फडक्यात डोळे ठेवून सुरुवात केली. पहिले दोन बरे गेले. पाचवा फाटला. आठवा बोटातून मातीत पडला, त्याने उचलून पुसला, पण पुसलेला डोळा काय कामाचा!  हे असंच चाललं तर साठसुद्धा होणार नाहीत हे त्याला दिसत होतं. मग तो परत जाईल, दुपट्टा ओढून पाठ करून बसेल, बाप बसला तसा, मरेपर्यंत. आणि नाल्याकाठची एकर तशीच पडून राहील. दुसरीकडे ते पांढरं धोतर समोर उभं होतं. त्याला भीती वाटली. 

अकराव्या खुंटाशी त्याने फडकं बाजूला ठेवलं. डोळा कापला आणि ओठात धरला.

मग तो थांबला नाही. चीर, डोळा, सोपट. चीर, डोळा, सोपट. आजूबाजूचे आवाज हळूहळू कमी झाले ते त्याला कळलं, पण त्याने मान वर केली नाही. काटोलचा कोणीतरी हसून म्हणाला, "हे तं थुंका लावून राहिलं लेकाचं." त्यावर कोणी हसलं, कोणी हसलं नाही. शेजारच्या ओळीत वसंतचे हात थांबले होते. त्याने लहानूकडे पाहिलं, मग काकाकडे, आणि मान खाली घातली. शंभरावा खुंट बांधून लहानू उठला तेव्हा समोर बापूजी नव्हते. मेळाव्याचं जेवण न जेवता ते बसस्टँडवर निघून गेले होते.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. लहानूचे ब्याण्णव, आणि न लागलेल्या आठातले पाच पहिल्या दहांतले. वसंतचे बहात्तर. दोघांनाही सर्टिफिकेट मिळालं. गावाकडे परतताना बसमध्ये वसंत म्हणाला, "लहानूभाऊ, मी घरी काही सांगतलं नाही." लहानू म्हणाला, "तुले काय सांगा लागते गा. सगळ्याइनं पाह्यलं."

गावात गोष्ट त्याच्या आधी पोचली होती. सोमकुवरांचा मंत्र थुंकीचा निघाला. बापूजींची झाडं उष्टी निघाली. आणि केवळ त्यांचीच काय, त्यांच्या पन्हेरीतून पन्नास वर्षांत रोपं नेलेल्या सगळ्यांची. आता एवढं उष्टं झाल्यावर कोणी झाडं तोडली असतील असं वाटेल. एकही तोडलं नाही. मृगाचा बहर भरलेला होता, आणि नागपूरच्या बाजारात संत्र्याला कोणी तुझा डोळा कुठून आला असं विचारत नाही. बापूजींच्या देव्हाऱ्यात मात्र केळी जायला लागली. आणि लहानूला निरोप आला, की सध्या पन्हेरीत येऊ नको.

याचं त्याला तेवढं वाटलं नाही. त्याचं लक्ष लायसनच्या अर्जावर होतं. अर्जात एक रकाना होता. डोळे कोणत्या झाडाचे घेणार, ते झाड कुठलं, मूळ कुठून आलं. चांगल्या, ओळखीच्या झाडाचा पुरावा दिल्याशिवाय लायसन नाही. आणि डोळे भरायचा हंगाम माघाबरोबर संपणार होता.

तो बापूजींकडे गेला. ते ओट्यावर होते. बस म्हणाले नाहीत, तो अंगणातच उभा राहिला.

"काड्या पाहिजे होत्या बापूजी. सात झाडांच्या. नुसतं लिहून देल्लं तरी चालते."

"नाही मिळणार." बापूजी रागाने बोलले नाहीत. थकल्यासारखे बोलले. "मी तुले दाखला देल्ला. पोरगं तुह्या हवाली केलं. आन तू मले चार तालुक्याइपुढं उभं करून…" त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला. "वसंता पन्हेरी लावून राहिला. त्यालेच पुरत नाही काड्या."

लहानू खाप्याला ताराचंदकडे गेला. त्याची बाग लहानूच्याच हातची. पुढच्या वर्षी पाहू, ताराचंद म्हणाला, आणि चहा दिला नाही. आणखी दोघांकडे गेला. हंगामाचे वीस दिवस उरले होते. नाल्याकाठच्या वाफ्यात त्याने खाप्यातून विकत आणून लावलेले तीनशे खुंट डोळ्यांची वाट पाहत उभे होते.

परतताना वाडीच्या बांधावर पार्वतीबाई उन्हाला बसलेल्या दिसल्या. बापूजींची आई, पंच्याहत्तरीची. त्यांनी हात वर करून बोलावलं. तो चार हात अलीकडे थांबला.

"काहून केलं गा असं लहानू?"



"मले माहीत होतं," म्हातारी म्हणाली. "माहं लगन झालं त्याच वर्षी. मी गड्याइले पाणी घेऊन गेली. वाऱ्यानं कवडूचा दुपट्टा उडाला, आन पाह्यतो तं ओठात डोळा. त्यानं मले पाह्यलं नाही. मी तशीच मागं फिरली. सासूबाईनं विचारलं, काय करून राहिला तो? मी म्हटलं, मंत्र म्हणून राहिला." ती हसली, तोंडात दात नव्हते. "मंत्राचं मीच उठवलं. नाही तं त्याले मारलं असतं त्याइनं."

 इतक्या वर्षांत आपल्या घराबाहेरचं कोणी आपल्या बापाच्या बाजूने उभं होतं, हे लहानूला नवीन होतं. त्याने हात जोडले.

पण म्हातारीचं बोलणं संपलं नव्हतं. "पन्नासाच्या वर वर्षं मी झाकलं. त्याच झाडाचं फळ देवापुढं ठेवलं, पोराइले चारलं, मी खाल्लं. माहीत असून खाल्लं. झाकली मूठ होती ते, सगळ्याइचं चालत होतं. तुले कोणी सांगतलं होतं उघडाले? आता मी देवाले काय ठेवू?" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

जोडलेले हात लहानूने सोडले.

"बाई, तुमाले माहीत आहे हे बाबाले कधी सांगतलं होतं?"

"त्याले काहून सांगू?"

"तो मरेपर्यंत भेत होता, बाई."

 पार्वतीबाईंना हे कधी सुचलंच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. लहानू घराकडे निघाला. बाप कोणापासून तोंड झाकत होता? ज्यांना माहीत होतं त्यांच्यापासून. म्हणजे ती भीतीसुद्धा त्या घराचीच चाकरी होती, झडतीसारखी, रोज संध्याकाळी करायची. त्याला इतका संताप आला की वाटेत बसावं लागलं.

आठ दिवसांनी बोकील साहेब जीप घेऊन तपासणीला आले. आधी वसंतची जागा पाहिली. त्याचे कागद पूर्ण होते. मग बापूजींना आणि वसंतला जीपमध्ये घेऊनच ते लहानूच्या वस्तीत, बौद्धपुऱ्यात आले, कारण साहेबांना वाटलं, जुने मालक बरोबर असलेले बरे. साहेबांनी नाल्याकाठचे खुंट पाहिले, विहीर पाहिली, आणि अर्ज काढून म्हणाले, "सोमकुवर, हा रकाना कोरा आहे. कोरा ठेवून मला सही करता येणार नाही."

लहानू त्यांना आपल्या अंगणात घेऊन गेला. अंगणात एक संत्र्याचं झाड होतं, अठ्ठावीस वर्षांचं, फळांनी वाकलेलं. बी थुंकलं त्याचं झाड झालं, असं कवडू सांगायचा. गावाने ते मान्य केलं होतं, कारण बौद्धपुऱ्यात येऊन झाड निरखायला कोणाला वेळ होता? साहेबांनी मात्र वाकून खोड पाहिलं. जमिनीपासून वीतभर वर जुनी गाठ होती, साल दोन रंगांची. बीच्या झाडाला असतात तसे काटे नव्हते. त्यांनी एक फळ तोडलं, सोललं आणि फोडी सगळ्यांच्या हातावर ठेवल्या. साहेबांचा मान म्हणून बापूजींनीही हात पुढे केला.

"हे बीचं झाड नाही," साहेब म्हणाले. "डोळा भरलेलं आहे."

बापूजी फळाच्या सालीकडे पाहत होते. देठाशी बारीक मान, साल सैल, पातळ. ते ती साल झोपेतही ओळखू शकले असते. "हे माह्या ओळीतलं आहे," ते हळू म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "साहेब, हे चोरीचं झाड आहे. लिहा तुमी."

दारात उभी असलेली प्रेमिला पुढे आली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. बापाचं नाव आता चोरीत जाणार होतं, सरकारी कागदावर. लहानू अजूनही म्हणू शकत होता, की मला माहीत नाही, बाप बीचं म्हणत होता. मग रकाना कोरा राहिला असता.

"हाव साहेब," तो म्हणाला. "बापूजीच्या झाडाचं आहे. बाबानं आणलं."

"खोटं," बापूजी म्हणाले. "माह्या फाटकातून कधी काडी बाहेर गेली नाही. झडती मी घेत होतो. स्वतः."

"काडी नाही गेली बापूजी. एक डोळा गेला."

"कसा?"

"तोंडात."

 बापूजींच्या हातातली फोड तशीच होती.

"तुमी फाटकावर होते," लहानू म्हणाला.  "उद्या येतो का म्हणून विचारलं तुमी. मी बोट धरून उभा होतो. बाबानं तोंड उघडलं असतं तं डोळा पडला असता. तुमी एक मारली, दुसरी मारली. तो नाही बोलला. घरी आला, इथं खुंट लावून ठेवला होता, त्याच्यात आधी डोळा भरला. मंग रक्त थुंकला."

बापूजींनी काठी जमिनीला टेकली आणि दोन्ही हातांनी धरली. फोड मातीत पडली.  वसंतने त्यांचा दंड धरला.

बोकील साहेबांनी पेन उघडलं होतं. ते रकान्यावर धरून त्यांनी विचारलं, "सोमकुवर, यात मी काय लिहू?"

"जे झालं ते लिहा साहेब," लहानू म्हणाला. "आन आणणाऱ्याचं नावभी लिहा. कवडू सोमकुवर."